चेनसॉचा बार: निगा केव्हा राखावी, बदलावा केव्हा

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईत सोसायट्यांच्या आवारातील फांद्या चेनसॉने, म्हणजे यांत्रिक करवतीने, छाटण्याची धांदल उडते आणि ‘चेन कापतच नाही’ ही तक्रार ऐकू येऊ लागते. अशा वेळी बहुतेक जण नवी चेन बसवतात. चार दिवस काम नीट होते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. याचे कारण असे की बार (ज्याच्या कडेच्या खाचेतून चेन धावते ती लांब चपटी पट्टी), चेन आणि क्लचजवळचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे चाक) हे तिन्ही भाग एकमेकांना झिजवत असतात, त्यामुळे त्यांची तपासणीही एकत्रच करावी लागते.

प्रथम इंजिन बंद करून यंत्र थंड होऊ द्यावे आणि स्पार्क प्लगची कॅप काढून ठेवावी; यंत्र बॅटरीचे असल्यास बॅटरी काढावी. हातमोजे घालावेत. काही यंत्रांत चेन ब्रेक बाजूच्या कव्हरमध्येच असतो. तो सोडल्यानंतरच कव्हर काढावे, अन्यथा ते परत बसवताना त्रास होतो.

बार काढल्यावर त्याची खाच साफ करावी. ओल्या लाकडाचा भुसा आणि ऑइल यांचा लगदा खाचेत वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि ऑइलची वाट अडवतो. पत्र्याच्या पातळ पट्टीने तो खरवडावा, मात्र भुसा टोकाच्या चाकात ढकलला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. बारच्या मागच्या बाजूचे ऑइलचे छिद्र बारीक तारेने मोकळे करावे. टोकाचे चाक बोटाने अडखळत न फिरता सहज फिरले पाहिजे. त्याला ग्रीसचे छिद्र असेल तर जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे.

आता खाचेच्या दोन्ही कडा पाहाव्यात, कारण बारचे आयुष्य ठरते ते येथेच. कडेवरून बाहेरच्या अंगाने नख फिरवल्यास बाहेर आलेली धातूची पातळ धार नखाला अडकते. ती चपट्या कानशीने उतरवावी. राहू दिली तर तिचे तुकडे उडतात. त्यानंतर दोन्ही कडांची उंची सारखी आहे का, हे गुण्या लावून पाहावे. एक कड खाली गेली असेल तर काप तिरका जातो. मात्र बारला दोष देण्यापूर्वी चेनच्या डाव्या व उजव्या दातांची लांबी पडताळावी, कारण एका बाजूचे दात कानशीने जास्त घासले गेले असले तरीही काप तसाच वळतो, आणि माझ्या मते हेच कारण अधिक वेळा आढळते.

खाच रुंदावली आहे का, हे कळण्यासाठी चेन बारवर बसवून पोलादी पट्टी बारच्या बाजूला आणि एका दाताला एकदम टेकवावी. पट्टी आणि बार यांच्यात थोडी फट राहिली तर बार चांगला आहे. फट न राहता चेन कलंडत असेल तर कडा संपल्या आहेत. चेनच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दात्यांची टोके घासून चकचकीत झाली असतील तर ती खाचेच्या तळाला टेकत आहेत. असा बार आणि ऑइलअभावी तापून कडांवर निळसर डाग पडलेला बार, दोन्ही बदलावेत. कडा घासून वेळ मारून नेता येते, पण मऊ पडलेले पोलाद पुन्हा कडक होत नाही.

बारची खालची कड अधिक झिजते, म्हणून चेनला धार लावाल तेव्हा दर वेळी बार उलटा करून बसवावा. स्प्रॉकेटवर चेनने पाडलेल्या खुणा अर्धा मिलिमीटर खोल गेल्या की ते बदलावे. साधारणपणे दोन चेन संपल्या की एक स्प्रॉकेट, असा हिशेब ठेवावा. काही यंत्रांत स्प्रॉकेटचे फक्त बाहेरचे कडे (रिंग) बदलता येते आणि ते स्वस्त पडते.

गॅरेजमधले काळे, वापरलेले इंजिन ऑइल फुकट मिळते म्हणून टाकीत ओतू नये. त्यातील धातूचे कण कडा घासतात आणि असे ऑइल चेनला चिकटूनही राहत नाही. बार-चेनचेच ऑइल वापरावे. बारचे टोक जमिनीला न लावता कोऱ्या कागदावर धरून चेन फिरवल्यास ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे.

नवा बार घेण्यासाठी नागदेवी स्ट्रीटला किंवा अन्यत्र जाताना जुना बार सोबत न्यावा. नुसती लांबी सांगून भागत नाही. चेनचा पिच (लागोपाठच्या तीन रिव्हेटमधील अंतराच्या निम्मे माप), म्हणजे ०.३२५ किंवा ३/८ इंच, खाचेची रुंदी, म्हणजे १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर, आणि खाचेत बसणाऱ्या दात्यांची संख्या, हे तिन्ही जुळले पाहिजे. बहुतेक बारवर हे मागच्या बाजूस कोरलेले असते. १.५च्या खाचेत १.३ची चेन बसते खरी, पण डुलते. बार यंत्रावर बसवण्याची खाच आणि ऑइलचे छिद्र ब्रँडनुसार वेगळे असते, तेही जुळवून पाहावे.

बसवताना बारचे टोक वर उचलून धरूनच नट आवळावेत. चेन बारच्या खालच्या कडेला टेकलेली असावी आणि हाताने सहज ओढता आली पाहिजे. नवी चेन सुरुवातीला लांबते, म्हणून पहिल्या काही कापांनंतर ताण पुन्हा पाहावा. गरम चेन कामाच्या मध्ये आवळली असेल तर दिवसअखेर ती सैल करावी, कारण थंड होताना ती आखडते आणि बारसह क्रँकशाफ्टवरही (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्यावरही) ताण येतो.