सोलापूर ते दौंड, वहीवर: सीमधले पॉइंटर, लिंक्ड लिस्ट आणि रिकर्शन

जुळे सोलापुरात मी संध्याकाळी सीचे क्लास घेते. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर आलं की पोरं येतात. बहुतेकांना लिंक्ड लिस्टचा (जिथे प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीचा पत्ता ठेवते अशा यादीचा) प्रोग्राम तोंडपाठ असतो. त्यातली एक ओळ पुसली आणि विचारलं, “आता काय होईल?” की सगळे एकमेकांकडे बघतात. पाठांतर परीक्षेपुरतं चालतं, तोंडी परीक्षेत उघडं पडतं. म्हणून इथे पूर्ण प्रोग्राम देणार नाही. दिला की तो उतरवून घेतला जातो.

लागेल ते एवढंच: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर आणि लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाकून घ्यावं. टर्बो सीची निळी खिडकी अजून बऱ्याच लॅबमध्ये आहे, पण घरी सराव तिच्यावर करू नका. डॉसमध्ये चुकीच्या जागी लिहिलं तरी अडवणारं कोणी नसतं, प्रोग्राम चालल्यासारखा वाटतो. “मॅडम, रन होतंय की ओ!” हे मी सगळ्यात जास्त तिथेच ऐकलंय. जीसीसीला मायनस जी, मायनस डब्ल्यू-ऑल आणि मायनस एफसॅनिटाइझ इक्वल्स ॲड्रेस हे तीन पर्याय रोज द्या. चुकीच्या पत्त्याला हात लावला की प्रोग्राम तिथेच थांबतो आणि ओळ नंबरासकट सांगतो.

आता पॉइंटर. पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता, असं सांगितलं की सगळे माना डोलावतात. पण पत्त्यात एक मिळवला तर पुढचं घर नेमकं किती लांब, हे त्या उपमेत बसत नाही. त्यापेक्षा वहीत चौकटी काढा. प्रत्येक चौकटीवर नाव, आत किंमत, खाली पत्ता. पत्ते मनाचे घ्या, १०००, १००४ असे. इंटच्या ॲरेची पहिली चौकट १००० वर असेल, तर पॉइंटर अधिक एक म्हणजे १००४, कारण आजच्या मशीनवर इंट ४ बाइटचा असतो. जुन्या नोट्समध्ये १००२ दिसेल, तो हिशोब टर्बो सीचा, तिथे इंट २ बाइटचा. पुढे हेही करून बघा: १० इंटच्या ॲरेचा साइझऑफ (किती बाइट लागतात तो आकडा) मेनमध्ये छापा, ४० येईल. तोच ॲरे फंक्शनला देऊन आत छापा, ६४ बिटच्या मशीनवर ८ येईल. फंक्शनमध्ये पोचतो तो पॉइंटर, ॲरे नाही. कंपायलर वॉर्निंगही देईल, ती वाचा. हा प्रयोग झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग स्ट्रक्चर, म्हणजे वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेली एक चौकट. आपण स्टेशनांची यादी करू. एका स्टेशनात तीन गोष्टी: २० कॅरेक्टरचं नाव, एक इंट नंबर आणि पुढच्या स्टेशनाचा पॉइंटर, नेक्स्ट. साइझऑफ ३२ येतो: २० अधिक ४ अधिक ८. नावाला २१ जागा द्या, ३३ न येता थेट ४० येतील. इंट आणि पॉइंटर आपापल्या पटीच्या पत्त्यावरच बसवायचे म्हणून कंपायलर मध्ये रिकामी जागा सोडतो.

मॅलॉकने (हे फंक्शन मागाल तेवढी मेमरी देतं) स्टेशनं तयार करून जोडा: सोलापूर, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, दौंड. वहीत सात चौकटी. प्रत्येकीच्या नेक्स्टमध्ये पुढच्या चौकटीचा पत्ता आकड्यात लिहा. बाण नको. बाण काढला की समजल्यासारखं वाटतं, आकडा लिहिला की खरंच समजलंय का ते कळतं. दौंडच्या नेक्स्टमध्ये नल, म्हणजे पुढे कोणी नाही.

इथे एक जागा अशी आहे जिथे जवळजवळ प्रत्येक जण अडकतो. स्टेशन जोडायचं फंक्शन लिहिलं, मेनमधून हेड (पहिल्या स्टेशनाचा पॉइंटर) दिला, फंक्शन चाललं, आणि लिस्ट छापली तर स्क्रीन कोरी! वही उघडा. मेनचा हेड १००० वर, आत नल. फंक्शनला मिळतो त्याचा स्वतःचा हेड, समजा १५०० वर, आत त्याच नलची नक्कल. मॅलॉकने २००० वर जागा दिली, फंक्शनने २००० हा आकडा १५०० च्या चौकटीत लिहिला. फंक्शन संपलं, १५०० वर काट मारा. १००० मध्ये अजून नलच आहे. २००० वरचं सोलापूर मेमरीत तसंच पडून, पण त्याचा पत्ता कोणाकडेच नाही.

उपाय असा की हेडची किंमत द्यायचीच नाही, हेडचा पत्ता द्यायचा, म्हणजे १०००. मग फंक्शन त्या पत्त्यावर जाऊन २००० लिहितं. यालाच डबल पॉइंटर म्हणतात आणि पोरं उगाच घाबरतात. काही जण नवा हेड रिटर्न करतात, तेही चालतं. पण मी डबल पॉइंटर आधी शिकवते. वही समोर असली तर पाच मिनिटांचं काम.

लिस्ट मोकळी करताना, म्हणजे मॅलॉकची जागा परत देताना, टेंप (आत्ताच्या स्टेशनाचा पॉइंटर) फ्री करून लगेच टेंप ॲरो नेक्स्ट वाचू नका. नेक्स्ट आधी दुसऱ्या पॉइंटरात ठेवा, मग फ्री करा. सॅनिटायझर (वरचा एफसॅनिटाइझ पर्याय) इथे हीप-यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे परत दिलेली जागा वापरली, म्हणून ओरडेल. मुद्दाम एकदा ओरडू द्या.

रिकर्शन म्हणजे फंक्शनने स्वतःलाच हाक मारणं. त्याची सुरुवात सगळे फॅक्टोरियलने करतात. मला ते पटत नाही. तिथे बघण्यासारखं काहीच घडत नाही, आणि १३ चा फॅक्टोरियल इंटमध्ये मावतही नाही. फिबोनाची तर त्याहून वाईट. साध्या रिकर्शनने चाळिसावी संख्या काढायला फंक्शन ३३ कोटींहून जास्त वेळा हाका मारतं. तेहतीस कोटी देव आठवायची वेळ.

त्यापेक्षा आपली स्टेशनांची लिस्टच घ्या. फंक्शनला एक स्टेशन द्या. नल असेल तर परत. नाहीतर नाव छापा, मग नेक्स्टसाठी स्वतःलाच हाक मारा. सोलापूर ते दौंड छापून येईल. आता छापायची ओळ उचलून हाकेच्या खाली टाका आणि परत चालवा. दौंड, जेऊर, केम करत शेवटी सोलापूर. एक ओळ हलली आणि गाडी उलटी आली. असं का, ते वहीत बघा: प्रत्येक हाकेला एक नवी चौकट, आधीच्या चौकटीच्या वर. सोलापूरची चौकट सगळ्यात खाली, छापायचं राहिलेलं. नल आला की वरून एकेक चौकट उतरते आणि उतरताना आपलं नाव छापते. चौकटींची ही चळत म्हणजेच स्टॅक. तो वेगळा शिकवायची गरजच उरत नाही, इथेच दिसतो. पण लिस्ट लाखो नोडची (चौकटींची) असेल तर तिथे रिकर्शन वापरू नका. लिनक्सवर स्टॅकला सहसा ८ एमबी मिळतात, ते संपले की सेगमेंटेशन फॉल्ट, प्रोग्राम कोसळतो. सरळ लिस्टला लूपच बरा.

रिकर्शनची खरी मजा कुर्डुवाडीला. तिथून एक लाइन दौंडला, एक बार्शीवरून लातूरला, एक पंढरपूर, सांगोला करत मिरजेला. लिस्ट फुटली, ट्री झाला. स्ट्रक्चरमध्ये नेक्स्ट काढून दोन पॉइंटर घ्या: चाइल्ड म्हणजे पुढचं पहिलं स्टेशन, सिब्लिंग म्हणजे त्याच जंक्शनवरून फुटलेली दुसरी लाइन. कुर्डुवाडीचं चाइल्ड केम, केमचं सिब्लिंग बार्शी, बार्शीचं सिब्लिंग पंढरपूर. साइझ झाला ४०.

मोजणीचं फंक्शन एका ओळीचं: नल असेल तर शून्य, नाहीतर एक अधिक चाइल्डची मोजणी अधिक सिब्लिंगची मोजणी. बार्शीच्या पुढे फक्त लातूर धरलं तर उत्तर १२. त्यासाठी फंक्शन २५ वेळा बोलावलं जातं, त्यातल्या १३ हाका नलवर जातात. त्या पंचवीसही वहीत मांडा. दौंडनंतर गाडी बार्शीला कशी पोचते ते बोट ठेवून दाखवता आलं की पुढे बायनरी सर्च ट्री हातचा मळ. हेच लूपने लिहून बघा म्हणजे रिकर्शन कशासाठी ते विचारावं लागणार नाही.

ट्री मोकळा करताना आधी चाइल्ड, मग सिब्लिंग, शेवटी स्वतः. सिब्लिंगची हाक मुद्दाम गाळून चालवा. सॅनिटायझर शेवटी १२ पैकी ५ जागा राहिल्याचं सांगेल, एकूण २०० बाइट: बार्शी, लातूर, पंढरपूर, सांगोला, मिरज.