बोटावरची साखर रक्तातली समजू नये

संत्र्याच्या हंगामात वरुड-काटोल भागातल्या उपकेंद्रात रुग्ण पुष्कळदा संत्री सोलून, नखांत सालीचा पिवळेपणा घेऊनच येतो आणि बोटाला चिकटलेल्या रसामुळे ग्लुकोमीटर साखर खोटीच वाढलेली दाखवतो. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून हा रस पुरता निघत नाही. म्हणून साबण-पाण्याने हात धुवायला लावावेत, ते पूर्ण कोरडे करावेत आणि मगच बोटाच्या कडेला टोचावे. पाणी नसेलच, तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्यावा. मोहफुले वेचून आलेल्यांनाही हेच लागू.

ग्लुकोमीटरमध्ये रक्ताच्या थेंबासाठी घालायची पट्टी काढताच डबीचे झाकण घट्ट लावावे. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच्याच तापमानात ठेवायच्या असतात, त्यामुळे मे महिन्यात डबी टिनपत्र्याखाली राहू देऊ नये.

टोचण्याची सुई मात्र प्रत्येक रुग्णाला नवीनच वापरावी.