हवामानाचा अलर्ट आला की गल्लीत नेमकं काय करायचं

उन्हाळा लागला की आमच्या नागपुरात प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी हवामान खात्याचा नकाशा येतो, विदर्भ पिवळा नाहीतर केशरी झालेला असतो, पाचसहा जण हात जोडतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. अंदाज वेळेवर आलेला असतो हो, पण तो वाचून कोणी कोणाचं दार वाजवायचं हेच ठरलेलं नसतं. ते ठरवायचं कसं तेवढंच इथे लिहितोय, आम्ही काही जण तीन उन्हाळे हे करतोय त्यावरून.

हे गल्लीपुरतंच चालतं असं नाही. अहमदाबादला मे 2010 मध्ये पारा 46.8 अंशावर गेला, आणि नेहमीच्या मे महिन्यापेक्षा त्या एका महिन्यात 1,344 मृत्यू जास्त झाले असं नंतरच्या अभ्यासात निघालं. मग 2013 मध्ये तिथल्या महापालिकेने हीट ॲक्शन प्लॅन काढला. त्यात अंदाज आला की दवाखान्यांनी काय करायचं, 108 वाल्यांनी काय करायचं, दुपारी बागा उघड्या ठेवायच्या, पाणी कुठे ठेवायचं, सगळं आधीच ठरवून ठेवलेलं. आपल्याला तेच करायचंय, फक्त लहान प्रमाणात.

१. अंदाज नीट वाचायला शिका

हवामान खात्याचं 'मौसम' ॲप घ्या, सोबत 'सचेत' पण घ्या, त्यात तुमच्या भागाचे अलर्ट येतात. फॉरवर्ड आलेल्या नकाशावर आधी तारीख बघा, मागच्या वर्षीचे नकाशे बिनधास्त फिरत असतात. इशारा जिल्ह्याप्रमाणे असतो आणि पुढच्या काही दिवसांचा असतो, त्यामुळे आजच्यापेक्षा परवाचा रंग जास्त कामाचा, कारण तयारीला वेळ मिळतो. हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा.

मैदानी भागात पारा 40 च्या वर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त असेल, किंवा सरळ 45 गाठला, तर उष्णतेची लाट म्हणतात. किनारपट्टीला 37 पासूनच मोजतात, आणि मुंबई-कोकणवाल्यांनी हे खरंच मनावर घ्या. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. खारघरला 16 एप्रिल 2023 ला मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने 14 लोक गेले, तेव्हा तिथला पारा 40 च्या खालीच होता.

२. यादी करा, अलर्ट यायच्या आधी

एका वहीत लिहा: एकटे राहणारे म्हातारे, गरोदर बाया, तान्ही मुलं, बीपी-शुगर-हृदयाची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असलेले (काही औषधांनी अंगातलं पाणी कमी होतं किंवा घाम कमी येतो, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, स्वतःहून औषध बंद करू नका), बांधकामावरचे मजूर, डिलिव्हरीवाली पोरं. प्रत्येक नावापुढे एका शेजाऱ्याचं नाव आणि नंबर. आशाताईंना विचारा, कोणाच्या घरात काय आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. आणि समाजमंदिराची चावी कोणाकडे असते तेही लिहून ठेवा, आम्ही पहिल्या वर्षी भर दुपारी ती चावी शोधत दीड तास फिरलो होतो.

३. घरातलं तापमान मोजा

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोबाईलवर दिसतं ते सावलीतलं, हवेशीर जागेतलं तापमान असतं, पत्र्याखालच्या खोलीतलं नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक आजी पत्र्याच्या खोलीत राहतात, तिथे आम्ही साधं थर्मामीटर टांगलं. रात्री नऊला मोबाईल 36 सांगत होता आणि आजींच्या पलंगाशेजारी काटा 40 वर, भिंतीला हात लावला तर तव्यासारखी. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंडावा मिळाला नाही की दुसऱ्या दिवशी माणूस कोसळतो. म्हणून अंदाजात कमाल बघता तसं किमान तापमान पण बघा, 'रात्री उष्ण राहतील' असा इशारा असेल तर फेरी रात्री मारायची. पत्र्यावर पांढरा चुना मारला आणि वाळ्याच्या ताट्या लावल्या की फरक पडतो. कूलर लावला तर समोरची खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत तो नुसता दमटपणा वाढवतो.

४. रंगाप्रमाणे कामं वाटून घ्या

पिवळ्याला यादीतल्या सगळ्यांना फोन, ओआरएसची पाकिटं आणून ठेवायची, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवायचं. केशरीला दुपारी आणि रात्री प्रत्यक्ष जाऊन बघायचं, आणि ठेकेदाराशी बोलून 12 ते 4 काम बंद ठेवायचं, सकाळी लवकर सुरू करा म्हणावं. लालला समाजमंदिर उघडायचं, पंखे, माठ, सतरंज्या, आणि ज्यांची घरं तापतात त्यांना तिथे आणायचं, विचारत बसायचं नाही कारण म्हातारी माणसं नेहमी "मी बरी आहे" असंच म्हणतात.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं, झटके आले, अंग चटका बसेल इतकं गरम लागलं तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, मान, काखा, जांघा इथे ओले कपडे. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, हे सगळ्यांना पाठ करायला लावा.

५. पाऊस आला की काम बदलतं

जूनमध्ये गारवा आला की लोक कूलर बंद करतात आणि पाणी तसंच टाकीत राहतं. डेंग्यूच्या डासाला हेच लागतं, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस. म्हणून पहिल्या सरींचा अंदाज आला की कूलर रिकामे करा आणि टाकीच्या कडा घासा, अंडी कडेला चिकटून कोरडी पण महिनोन्महिने टिकतात. पावसाळाभर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे साठलेलं सगळं पाणी ओतून भांडी कोरडी करा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुण्यातल्या डेंग्यूवर अभ्यास केला तेव्हा असं दिसलं की पावसाळाभर विखरून पडणारा मध्यम पाऊस डेंग्यू वाढवतो, आणि आठवड्यात 150 मिलिमीटरच्या वर पडला तर अंडी वाहून जातात. म्हणजे रिमझिमीचा अंदाज असेल तेव्हा जास्त सावध राहा.

मुंबई-कोकणात अतिवृष्टीचा इशारा असेल तर लेप्टोचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) विचार करा. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, पायाला जखम असेल, तर ताप यायची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, पहिल्या एक ते तीन दिवसांत घ्यायच्या गोळ्या असतात पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

६. वही चालू ठेवा

तारीख, अलर्टचा रंग, रात्रीचं तापमान, कोणाला त्रास झाला. बस एवढंच. आमच्या वहीत तिन्ही उन्हाळ्यांत चक्कर, उलट्या, थकवा अशा तक्रारी लाटेच्या पहिल्या दिवशी कमी आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त आहेत, तोपर्यंत ग्रुपवर नकाशा टाकणारे पण कंटाळलेले असतात. म्हणून आता आम्ही चौथ्या दिवसाची फेरी दोघांऐवजी चौघांना देतो, आणि ती आजींच्या खोलीपासून सुरू होते.