डिजिटल निगेटिव्ह: फोटोच्या आधी पट्ट्या छापा

जॉन हर्शेलने 1842 मध्ये शोधलेल्या सायनोटाइपला, म्हणजे निळ्या छटेत फोटो छापण्याच्या पद्धतीला, एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) चालत नाही. निगेटिव्ह थेट कागदावर दाबून अतिनील प्रकाशात धरायची, म्हणजे जेवढी प्रिंट हवी तेवढीच मोठी निगेटिव्ह लागते. ती आता इंकजेट प्रिंटरवर काढता येते.

फिल्म इंकजेटचीच घ्या. साध्या ओएचपी शीटवर (प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकवर) शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. मी अशी पाकीटभर शीट वाया घालवली आहेत. इंकजेट फिल्मच्या एकाच बाजूला शाई शोषणारा लेप असतो. कोपऱ्याला ओलसर बोट टेकवा, चिकटेल ती छपाईची बाजू.

आता मूळ वेळ, म्हणजे कागद प्रकाशात किती वेळ धरायचा ते. रसायन लावून वाळवलेल्या कागदावर कोरी फिल्म ठेवा, वर पुठ्ठा धरा आणि तो मिनिटामिनिटाने सरकवत पट्ट्या पाडा. कागद धुऊन पूर्ण वाळू द्या, कारण वाळताना निळा गडद होतो. ज्या पट्टीनंतर तो आणखी गडद होत नाही, तीच तुमची वेळ. पुढे ती बदलायची नाही. उन्हाचा भरवसा नसतो, त्यामुळे यूव्ही (अतिनील) दिवा असेल तर उत्तम.

मग स्टेप वेज: 0 ते 100 टक्के काळा, 5-5 टक्क्यांच्या 21 पायऱ्या. इन्व्हर्ट करून (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) फिल्मवर छापा आणि त्याच वेळेत प्रिंट काढा. 0 ची पायरी पांढरी न राहता निळसर आली, तर शाई कमी पडते आहे. प्रिंटर ड्रायव्हरमध्ये, म्हणजे छपाईच्या सेटिंग्जमध्ये, ती वाढवा. सुरुवातीच्या चार-पाच पायऱ्या सारख्याच पांढऱ्या असतील, तर शाई जास्त झाली. गंमत म्हणजे डोळ्याला गडद दिसणारी काळी शाई अतिनील प्रकाश सर्वांत जास्त अडवेलच असं नाही. काही प्रिंटरवर रंगीत शाईची निगेटिव्ह सरस ठरते.

पांढरं आणि गडद निळं अशी दोन्ही टोकं जमली की कर्व्ह, म्हणजे फोटो सॉफ्टवेअरमधली छटा बदलणारी रेषा. प्रिंट स्कॅन करून पायऱ्यांच्या छटा मोजा. 50 टक्क्यांची छटा 30 च्या पायरीवरच आली असेल, तर कर्व्हमधला 50 चा बिंदू 30 वर आणा. हे कंटाळवाणं काम टाळून स्क्रीनवर छान दिसणारी निगेटिव्ह छापणारे बरेच जण मग रसायनाला दोष देतात.

शेवटी फोटो: कृष्णधवल, कर्व्ह, इन्व्हर्ट, आडवा फ्लिप, याच क्रमाने. प्रिंटरची सेटिंग्ज चाचणीचीच ठेवा. निगेटिव्ह काही तास वाळू द्या, नाहीतर ती कागदाला चिकटते. शाईची बाजू कागदाकडे, वर काच. फोटोत एखादी पाटी असेल तर काचेतून तिची अक्षरं सुलटी वाचता यायला हवीत.