पोरगं कॉलेज सोडायच्या आधी काय करायचं

मी कॉलेज सोडतोय असं कोणी येऊन सांगत नाही. परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख निघून जाते तेव्हा आपल्याला, शिक्षकांना, कळतं की अरे हा तर दिवाळीपासून आलाच नाही. म्हणून आधी हजेरी बघा, पण नुसते टक्के नका बघू. आपल्याकडे खान्देशात कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात असतो, "सर, कापूस वेचाले जानं पडस" म्हणणारा परत येतो, त्याच्यावर ओरडू नका. काहीच न सांगता दोन आठवडे गायब झालेला, त्याला फोन करा.

फोनवर "का येत नाहीस" विचारलं की "तब्येत बरी नव्हती" एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा "या महिन्याचा पास काढला का?" असं विचारा. माझ्या वर्गातली एक पोरगी बारावीला एक दिवस चुकली नव्हती आणि एफवायला (पहिल्या वर्षाला) आठवड्यातून दोनदा यायची, मी महिनाभर तिला आळशी समजत होतो (माझीच चूक). मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट असतो, पुढे पैसे भरावे लागतात आणि ते घरी मागायची तिला लाज वाटत होती.

दुसरा घोळ स्कॉलरशिपचा. महाडीबीटीवर (सरकारच्या स्कॉलरशिपच्या साईटवर) अप्रूव्ह दिसतं पण पैसे येत नाहीत, पोरगं समजतं आपल्याला मिळालीच नाही. पैसे जातात आधार ज्या बँकेला जोडलंय तिथे, म्हणजे बऱ्याचदा मायने कधीतरी काढून दिलेल्या जनधन खात्यात. शेजारी बसवून यूआयडीएआयच्या (आधारच्या) साईटवर सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते बघा, पाच मिनिटांचं काम. आणि दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं हे एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) पोरांना स्वतःहून सांगा, अर्धे तिथेच गळतात.

धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या आदिवासी पोरांना हॉस्टेल मिळालं नाही तर स्वयम् योजना आहे, एससी आणि नवबौद्ध पोरांना स्वाधार, दोन्हीत राहण्या-जेवण्याचे पैसे खात्यावर येतात. कॉलेजात कमवा व शिका असेल तर तिथेही नाव घाला.

बोलताना पोरगं फारच खचलेलं वाटलं तर टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलतात. नुसता नंबर देऊन मोकळे होऊ नका, समोर बसून लावून द्या.

आणि हो, घरी फोन रात्री आठनंतर करा, दिवसा मोबाईल बापाच्या खिशात शेतात असतो.