औषध टोचलेल्या जनावराचं शेण: उकिरड्यात नको, तापत्या ढिगात

दगडी (कासेची सूज) किंवा घटसर्प झाला की जनावराला अँटिबायोटिक टोचतात. त्यातला बराच भाग शेण-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यातलं ऑक्सिटेट्रासायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातलं औषध) काळ्या मातीला घट्ट धरून बसतं, दरसाल खत पडलं की साठत जातं. औषधाला न जुमानणारे जिवाणूही रानात पोसले जातात. सल्फा गटातल्या औषधाचं उलटं, ते पाण्याबरोबर विहिरीकडे निघतं.

उकिरडा वर्षभर पडला तरी भागत नाही. खड्ड्यात हवा नाही, म्हणून तो तापत नाही, आणि औषध मोडायला दोन्ही लागतं.

कोर्स चालू असताना आणि संपल्यावर दहा दिवस ते शेण वेगळं काढा. लाँग ॲक्टिंग (अंगात बरेच दिवस राहणारं) इंजेक्शन असेल तर तीन आठवडे. टाकून द्यायचं दूधही याच ढिगावर, नालीत नाही. एका जनावराच्या शेणानं ढीग तापत नाही, म्हणून गोठ्यातलं बाकीचं शेण त्यात घाला.

जागा उंचवट्याची, विहीर-ओढ्यापासून लांब. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात आणि ढिगाचं पाणी त्यातून थेट खाली उतरतं. आधी मुरूम टाकून चोपून घ्या. ढीग पाच फूट रुंद, चार फूट उंच. दोन पाट्या शेणाला एक पाटी सोयाबीनचं भुसकट किंवा बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं). कडबा घालू नका, तो गव्हाणीतच शोभतो. कोंबडखत असेल तर एका पाटीला दोन पाट्या भुसकट. मूठ दाबली की बोटं ओली व्हावीत, धार लागू नये.

मधोमध लोखंडी सळई खुपसा. पंधरा मिनिटांनी काढल्यावर टोक हातात धरवत नसेल तर ढीग साधारण ५५ अंशांवर आलाय. थर्मामीटर असेल तर अंदाजाची गरज नाही. ५५ च्या वर १५ दिवस ठेवायचा आणि तेवढ्यात पाच वेळा पालटायचा, दरवेळी कडेचा माल आत घेऊन, कारण कड स्वतःहून तापत नाही. मग दोन महिने झाकून मुरवा.

एप्रिल-मेमध्ये ढीग फोडला की आत राखेसारखा पांढुरका थर दिसतो. खत झालं असं वाटतं, पण तो नुसता वाळलेला असतो. पाणी मारा, पालटा. नाकात झोंबणारा वास आला तर भुसकट कमी पडलंय, कुजका आला तर पाणी जास्त झालंय.

टेट्रासायक्लिन यात बरंच मोडतं, एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं अँटिबायोटिक कमी. म्हणून असं खत मेथी-कोथिंबिरीला किंवा गाजराला नको, कपाशी-तुरीला टाका. पोल्ट्रीचं खत विकत घेताना कोंबड्यांच्या त्या लॉटला कुठलं औषध दिलं ते विचारा. कोलिस्टिन या अँटिबायोटिकचं नाव निघालं तर घेऊ नका. कोंबड्या-जनावरांसाठी त्यावर २०१९ पासून बंदी आहे.