परदेशी कंपनीनं बंदर घेतलं अशी बातमी आली, तर आधी काय तपासायचं

न्हावा-शेवाचं पहिलं खासगी टर्मिनल ज्या करारावर उभं राहिलं, तो करार जुलै १९९७ चा आहे आणि त्याची मुदत ३० वर्षांची. ही मुदत भरत आली की पुन्हा निविदा, पुन्हा परदेशी कंपन्यांची नावं आणि पुन्हा तीच वादावादी होणार. तिकडे वाढवणला नऊ कंटेनर टर्मिनलांचं बंदर होतंय, तिथली टर्मिनलंही चालवायला दिली जाणार आहेत. म्हणजे रायगड आणि पालघर या दोन्ही जिल्ह्यांतल्या लोकांना येत्या काळात या विषयावर बोलावं लागणार, ग्रामसभेत, जनसुनावणीत, कामगारांच्या बैठकीत. बोलायच्या आधी काय वाचायचं आणि काय विचारायचं, हे सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

मी उरणची. कस्टम्स क्लिअरिंगच्या कामात माझी सगळी नोकरी गेली. आमच्याकडे ‘बंदर विकलं’ हे वाक्य चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत ऐकू येतं. त्यामागची कळकळ खरी आहे. पण त्या वाक्यावर कुणी जाब विचारायला गेलं की समोरचा अधिकारी दोन मिनिटांत गप्प करतो, कारण बंदर विकलेलंच नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की मालक देशी की परदेशी हा प्रश्न चौथा-पाचवा ठेवा. आधी विचारा: नेमकं काय दिलं, किती वर्षांसाठी दिलं, आणि परत घ्यायचा हक्क कुणाच्या हातात आहे.

काय दिलं, ते एका कंटेनरच्या मागे जाऊन बघा

समजा पिंपळगावहून कांद्याचा कंटेनर निघाला. न्हावा-शेवाला आल्यावर ट्रेलर आधी पार्किंग प्लाझात थांबतो. तिथे कस्टम्सचा माणूस सील तपासतो, कागद बघतो, निर्यातीची परवानगी देतो. कस्टम्स भारत सरकारचं. मग फॉर्म १३, म्हणजे आत जायचा परवाना, दाखवून ट्रेलर गेटवर येतो. तिथे पहारा सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा. गेटच्या आत गेला की तिथून पुढे टर्मिनल कंपनीचं राज्य: यार्डात बॉक्स कुठे ठेवायचा, यार्डातली चाकांवरची आरटीजी क्रेन तो कधी उचलणार, धक्क्यावरची मोठी क्रेन कुठल्या क्रमानं जहाजावर चढवणार. जहाज सुटायच्या आधी त्याच्यावर वाट दाखवणारा पायलट चढतो तो पुन्हा बंदर प्राधिकरणाचा, आणि ज्या खोल चॅनलमधून जहाज बाहेर पडतं त्याचा गाळ काढायचं कामही प्राधिकरणाचं.

म्हणजे जमीन, समुद्रकिनारा, चॅनल, पहारा, कस्टम्स हे सरकारकडे राहतं. धक्का आणि यार्ड चालवायचा हक्क ठरावीक वर्षांसाठी कंपनीकडे जातो. घर आपलं आणि भाडेकरू लांबच्या मुदतीचा, असा हा व्यवहार आहे. २०२२ साली जेएनपीएनं, म्हणजे न्हावा-शेवाच्या बंदर प्राधिकरणानं, स्वतः चालवत असलेलं कंटेनर टर्मिनलही जे. एम. बक्षी आणि फ्रान्सच्या सीएमए यांच्या भागीदारीला ३० वर्षांसाठी दिलं, तेव्हापासून प्राधिकरण पूर्णपणे जमीनमालकाच्या भूमिकेत आहे. बाकीच्या टर्मिनलांत दुबईची डीपी वर्ल्ड आहे, डेन्मार्कच्या मर्स्कची एपीएम आहे, सिंगापूरची पीएसए आहे. २०२४-२५ मध्ये सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी हिशोबानं तेवढे कंटेनर, यांच्या धक्क्यांवरून गेले.

तेव्हा बातमी वाचताना पहिलं पेन्सिलीनं अधोरेखित करायचं ते क्रियापद. ‘विकत घेतलं’, ‘भाडेपट्ट्यानं घेतलं’, ‘चालवायला घेतलं’, ‘हिस्सा घेतला’ हे चार वेगळे व्यवहार आहेत आणि वर्तमानपत्रं चारही एकाच मथळ्यात कोंबतात.

मुदत किती

न्हावा-शेवाला ३० वर्षं. श्रीलंकेत हंबनटोटाला २०१७ साली ९९ वर्षं. ऑस्ट्रेलियात डार्विनचं बंदर २०१५ साली एका चिनी कंपनीला दिलं, तेही ९९ वर्षांनी. ३० वर्षांत कराराचा शेवट बघायला सही करणाऱ्यांपैकी निदान काही जण जिवंत असतात. ९९ वर्षांत तीन पिढ्या जातात.

हंबनटोटाचं उदाहरण आपल्याकडे सगळ्यात जास्त दिलं जातं आणि सगळ्यात चुकीचं दिलं जातं. ‘कर्ज फेडता आलं नाही म्हणून चीननं बंदर जप्त केलं’ असं लोक सांगतात. प्रत्यक्षात चायना मर्चंट्स कंपनीनं १.१२ अब्ज डॉलर मोजून भाडेपट्टा घेतला. तो पैसा श्रीलंकेनं परकीय गंगाजळीत घेतला, आणि बंदरासाठी काढलेलं चिनी कर्ज डोक्यावर तसंच राहिलं. हे मूळ गोष्टीपेक्षा जास्त गंभीर आहे, नाही का? बंदरही गेलं आणि कर्जही राहिलं. पण सभेत जप्तीची गोष्ट सांगाल तर कुणीतरी जाणकार उठून खोडून काढेल आणि तुमचा खरा मुद्दाही वाहून जाईल.

मुदतीबरोबर मुदत संपल्यावर काय, तेही वाचा. क्रेन कुणाच्या? त्यांची किंमत कोण ठरवणार? मुदतवाढीचं कलम आहे का, आणि ती कुणाच्या सहीनं मिळते? करार मोडायची वेळ आली तर भरपाईचा हिशोब काय? आफ्रिकेतल्या जिबूतीनं २०१८ साली डीपी वर्ल्डकडून दोरालेचं टर्मिनल काढून घेतलं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं लंडनच्या लवादात आणि कोर्टात झगडा चालला. ‘परत घेऊ’ म्हणणं सोपं, त्याची किंमत कलमात लिहिलेली असते.

मालकाच्या मागचा मालक

आज ज्याच्या नावानं बोंब मारताय तो उद्या मालक असेलच असं नाही. १९९७ चा न्हावा-शेवाचा करार झाला तो पी अँड ओच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीशी. २००६ साली दुबईच्या डीपी वर्ल्डनं लंडनची अख्खी पी अँड ओच विकत घेतली. त्या एका सौद्यानं न्यूयॉर्क, बाल्टिमोर, मायामी यांसारख्या सहा अमेरिकी बंदरांतली कामं आणि आमच्या न्हावा-शेवाचं टर्मिनल एकाच दिवशी दुबईकडे गेलं. अमेरिकेत त्यावर रान पेटलं. लोकप्रतिनिधीगृहाच्या समितीत सौद्याविरुद्ध ६२ विरुद्ध २ असं मतदान झालं आणि डीपी वर्ल्डनं अमेरिकेतली कामं तिथल्याच एआयजी या विमा कंपनीला विकून टाकली. उरणला त्या आठवड्यात रोजच्यासारखे ट्रेलर लागत होते आणि मालक बदलल्याची चर्चाही फारशी झाली नाही.

अमेरिकेतला तो गदारोळ बराचसा भीतीतून आलेला होता. पण एक प्रश्न त्यांनी बरोबर विचारला: आम्ही करार एकाशी केला, मग दुसरा आला तेव्हा आम्हाला विचारलं का? तुम्हीही करारात ‘मालकी बदल’ हे कलम शोधा. भागभांडवल किती टक्क्यांपर्यंत परस्पर विकता येतं, किती वर्षं विकता येत नाही, प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते का, गृह खात्याची सुरक्षा मंजुरी नव्या मालकाला नव्यानं घ्यावी लागते का. सगळ्या करारात माझ्या मते हे सर्वात मोलाचं पान.

टक्क्यांकडेही नीट बघा. हँबर्गच्या टोलेरोर्ट टर्मिनलमध्ये चीनच्या कॉस्कोला ३५ टक्के हवे होते. जर्मनीत मंत्र्यांमध्येच जुंपली आणि शेवटी २४.९९ टक्क्यांवर तोड निघाली. पंचवीसच्या आत ठेवलं की मोठे निर्णय अडवता येत नाहीत. आपल्याकडे कंपनी कायद्यात विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणून २६ टक्के हातात असले की अडवता येतं. न्हावा-शेवाचं गेटवे टर्मिनल एपीएमचं, त्यात रेल्वेच्या कॉन्कॉर या सरकारी कंटेनर कंपनीकडे २६ टक्के आहेत ते याच अर्थानं वाचायचे. नफ्यात तो चौथा हिस्सा, पण नकार देण्याची ताकद त्याहून मोठी.

पैसा, आणि तो शेवटी कोण देतं

न्हावा-शेवाच्या चौथ्या टर्मिनलची पहिली निविदा २०११ साली पीएसएच्या भागीदारीनं जिंकली ती उत्पन्नाचा जवळपास ५१ टक्के वाटा प्राधिकरणाला देऊ असं म्हणून. स्टॅम्प ड्युटी कुणी भरायची यावर अडलं, करार झालाच नाही. फेरनिविदेत पीएसएच आली, २०१४ साली, ३५.७९ टक्क्यांवर. पहिल्या टप्प्याचं उद्घाटन २०१८ मध्ये झालं, दुसऱ्याचं सप्टेंबर २०२५ मध्ये. मधली वर्षं धक्का अपुरा आणि वाहतूक तुंबलेली. तेव्हा ‘किती टक्के मिळाले’ एवढंच ऐकून खूश होऊ नका. फुगवलेला आकडा करारापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तर दरातून वसूल होतो. तो दर आधी शिपिंग लाइन देते, मग आमच्यासारख्या एजंटच्या बिलात येतो, आणि शेवटी कांदेवाल्याच्या हातात तेवढे कमी पडतात.

पूर्वी मोठ्या बंदरांचे दर ठरवायला स्वतंत्र प्राधिकरण होतं. २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण कायद्यानं ते गेलं, दर बरेचसे बाजारावर सोडले. म्हणून आता विचारायचा प्रश्न हा की एकाच बंदरात स्पर्धा शिल्लक आहे का. चार कंपन्यांची चार टर्मिनलं असतील तर परदेशी असूनही त्या एकमेकींना धाकात ठेवतात. एकाच देशी कंपनीच्या हातात सगळे धक्के गेले तर मला जास्त भीती वाटेल.

सुरक्षेचा मुद्दा कसा मांडायचा

‘शत्रूची जहाजं येतील’ असं म्हणू नका. नौदल, तटरक्षक दल, कस्टम्स कुठे जात नाहीत. खरा धोका संगणकात आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस युक्रेनमधून पसरला, मर्स्कच्या जगभरच्या यंत्रणा बंद पडल्या आणि त्यात न्हावा-शेवाचं गेटवे टर्मिनलही ठप्प झालं. कुठला बॉक्स कुठे आहे हेच कळेना, कामं हातानं करायची वेळ आली. सर्व्हर बाहेरच्या देशातल्या यंत्रणेला जोडलेला असला की तिकडची आग इकडे येते. म्हणून विचारा: यार्डाची माहिती कुठे साठवली जाते, यंत्रणा पडली तर स्थानिक पर्याय काय, त्याची चाचणी कधी झाली. आणि सरकारच्या हातात काय असतं तेही लक्षात ठेवा. मे २०२५ मध्ये तुर्कस्तानच्या चेलेबी कंपनीची विमानतळावरच्या कामाची सुरक्षा मंजुरी केंद्रानं एका आदेशानं रद्द केली. परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो, फक्त ते अधिकार करारात बोथट करून ठेवलेले नाहीत ना, हे बघायचं.

आपली माणसं

इथे मी थोडी जास्त थांबणार. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आमच्या भागातले शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, पाच जण गेले. जासई परिसरात दर वर्षी १६ आणि १७ जानेवारीला माणसं जमतात. शेव्याच्या कोळीवाड्यातली कुटुंबं बंदरासाठी उठवली, उरणच्या बोरीपाखाडीत हनुमान कोळीवाडा म्हणून वसवली आणि त्या घरांना वाळवी लागली. घेतलेल्या जमिनीपैकी साडेबारा टक्के परत मिळण्यासाठी बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना दशकानुदशकं झगडावं लागलं. यातलं काहीही परदेशी कंपनीनं केलेलं नाही. तेव्हा बंदर पूर्ण सरकारी होतं किंवा व्हायचं होतं. मालक आपला आहे म्हणून न्याय आपोआप मिळत नाही, तो लिहून घ्यावा लागतो.

म्हणून कंपनीच्या पासपोर्टवर बोलण्यात वेळ घालवू नका. स्थानिकांच्या नोकऱ्या करारात आकड्यानं आहेत की नुसत्या ‘प्राधान्य’ शब्दानं? कायम किती, कंत्राटी किती? आधीच्या कामगारांचं काय, स्वेच्छानिवृत्तीशिवाय दुसरा मार्ग आहे का? मासेमारीचं नुकसान कोण मोजणार? वाढवणच्या बंदर कंपनीत ७४ टक्के जेएनपीए आणि २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळ आहे, म्हणजे मूळ जबाबदारी दोन्ही सरकारी संस्थांची. उद्या टर्मिनलवाला कुणीही येवो, कोळ्यांनी जाब यांनाच विचारायचा.

एकदा उलट बाजूनंही बघा. २०२१ साली कोलंबोच्या पूर्व टर्मिनलमध्ये भारताला हिस्सा द्यायला तिथल्या कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला आणि त्यांच्या सरकारनं करार मोडला. मग शेजारचं पश्चिम टर्मिनल अदानींच्या भागीदारीला दिलं, त्यात १५ टक्के श्रीलंकेच्या बंदर प्राधिकरणाकडे ठेवून. इस्रायलचं हैफा बंदरही अदानींकडे आहे. तिथे परदेशी म्हणजे आपण. तिथल्या कामगारानं जे प्रश्न विचारावेत असं तुम्हाला वाटतं, तेच इथे विचारा.

कागद कुठून मिळवायचे

जेएनपीए केंद्राच्या अखत्यारीत येतं, त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘कराराची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘सवलत कराराची (कन्सेशन अ‍ॅग्रीमेंट) आणि त्यातल्या सर्व दुरुस्त्यांची प्रत, मालकी बदलाला दिलेल्या परवानग्यांच्या प्रती, किमान हमी वाहतूक आणि प्रत्यक्ष वाहतुकीचा वर्षवार तक्ता’ असं मागा. ‘व्यावसायिक गोपनीयता’ म्हणून नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील करा आणि त्यात व्यापक जनहिताचा मुद्दा लिहा, कायद्यातच ती सोय आहे. कंपनीचे भागधारक कोण ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून बघता येतं.

पर्यावरणाची जनसुनावणी असेल तर तीस दिवस आधी सूचना निघते आणि पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश उपलब्ध करून द्यावा लागतो. तो मिळाला नसेल तर तेच पहिलं निवेदन, लेखी, पोच घेऊन. बोलून झालं की घरी निघू नका. सुनावणीच्या शेवटी मांडलेले मुद्दे उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावेच लागतात, आणि तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे उठून तो नोंदवून घ्यायचा.